ल्होट्याची पोत

रंगराव म्हणजे मोठा अबोल माणूस. म्हैसूरच्या देवराज मार्केटात, फुलांच्या गाळ्यांची रांग संपते तिथं, त्याचं चार हात रुंदीचं दुकान होतं. बाप-आजा शिवणकाम करत आले. रंगरावाच्या हातात कात्री काही बसली नाही, म्हणून त्यानं काचेचे मणी, बांगड्या आणि मंगळसूत्राची काळी पोत विकायला घेतली. गिऱ्हाईक आलं की तो लडी पुढं ठेवायचा, भाव सांगायचा आणि गप्प. समोरून उत्तरच येत नाही म्हणून बायका वैतागून म्हणायच्या, "अय्यो, या बाबाशी भांडायचं तरी कसं?" आणि पैसे टाकून जायच्या.

पण एखादीनं सहज विचारलं, "हे मणी येतात कुठून हो?" की रंगराव बदलायचा. गादीवरून पुढं सरकायचा. शेराचं वजन उचलून गिऱ्हाइकापुढं मांडायचा.

"हा डोंगर. आपली चामुंडी समजा. पण अशा चार चामुंड्या, एकीवर एक."

मग निळा रेशमी दोरा वाकडातिकडा टाकायचा. "हा ओढा." दोऱ्याच्या अलीकडे दोन आणि पलीकडे एक अशा बांगड्यांच्या तीन ओळी. "या गल्ल्या. वरची, मधली आणि ओढ्यापलीकडची." पानाच्या डब्याचं झाकण मधोमध. "हे त्यांचं देऊळ. याचा कळस कांद्यासारखा. गावाचं नाव ल्होटा. बोहेमिया म्हणून मुलूख आहे, त्यातलं. समुद्र नाही, भात नाही, नारळ नाही. वर्षाचे चार महिने आभाळातून गार भस्म पडतं आणि माणसं घराबाहेर पडत नाहीत. मग काय करायचं? घरोघर बसून मणी ओवतात. त्याच या लडी."

हे सगळं त्याला सांगितलं होतं हावेल्का साहेबानं. एकोणीसशे दोन साली हा लांब मिशांचा साहेब नमुन्यांच्या तीन पेट्या घेऊन म्हैसुरात आला होता. तिकडचे व्यापारी आपली माणसं अशी गावोगाव पाठवीत. इथल्या बायकांना कसल्या बांगड्या आवडतात, मणी केवढा लागतो, हे बघून ते तिकडे तसा माल करवून घेत. साहेबाला इंग्रजी येई, रंगरावाला येत नसे. मध्ये दुभाष्या म्हणून शेजारचा शेषगिरी. शेषगिरीचं कागद-दौतीचं दुकान होतं, लोकांचे अर्जही तो लिहून देई. तो आणि रंगराव एकाच आळीत वाढलेले, एकाच विठ्ठलमंदिरात टाळ कुटलेले.

साहेब दोन दिवस दुकानात येऊन बसला. रंगरावानं लाजतलाजत एक प्रश्न विचारला, मग दुसरा, मग साहेबानं पेटीच्या झाकणावर खडूनं नकाशाच काढून दिला. तो नकाशा रंगरावानं पुसू दिला नाही. मात्र तो त्याला कधी पुरता कळलाही नाही. साहेबानं उत्तर दिशा वर काढली होती.

"उत्तर वर कशी?" रंगराव शेषगिरीला विचारी. "वर तर आभाळ असतं."

"कागदावर असते रे."

"मग मी झाकण आडवं ठेवलं तर?"

"तर तुझं डोकं फिरेल. सुम्ने गप्प बस आणि दुकान बघ."

गावाचा इतिहासही साहेबानं सांगितला होता. पाचशे वर्षांपूर्वी तिथं नुसतं अरण्य होतं. तिथल्या जमीनदारानं लोकांना सांगितलं, झाडं तोडा, वस्ती करा, अमुक वर्षं सारा माफ. त्या माफीच्या मुदतीवरूनच गावाचं नाव पडलं. अशी माफीची गावं त्या मुलखात शेकड्यांनी, आणि नाव साऱ्यांचं ल्होटाच. हे ऐकून रंगराव घाबरला होता. म्हणजे आपला ल्होटा नेमका कुठला? साहेब हसून म्हणाला, डोंगराखालचा. पण डोंगर तरी तिकडे एकच कुठं होता! पुढं अरण्यातली लाकडं जाळून काचेच्या भट्ट्या पेटवल्या, लाकडं संपली तशा भट्ट्या दुसरीकडे गेल्या आणि माणसं मागं उरली. मग परक्या फौजांनी गाव दोनदा जाळलं. कोणत्या राजाच्या, कशासाठी, हे रंगरावानं तीनदा विचारलं आणि तीनदा त्याचा गोंधळ झाला. एवढं मात्र त्याच्या ध्यानात पक्कं बसलं की त्या गावची माणसं घरात एक भाषा बोलतात आणि कचेरीत दुसरी.

"म्हणजे आपल्यासारखंच की!" तो शेषगिरीला म्हणाला. "घरात मराठी, बाहेर कानडी."

"हौदु, अगदी तसंच. त्यांनाही कुणीतरी विचारत असेल, तुम्ही मूळचे कुठले म्हणून."

हे सगळं साहेबाकडून कळलेलं. एक गोष्ट मात्र रंगराव न विचारताच धरून चालला होता. काळी पोत म्हणजे सौभाग्याचा दागिना. ती ओवायची सवाष्णीनं. त्याच्या दुकानात लडी सोडवून रेशमात पुन्हा ओवून द्यायचं काम त्याची बायको मालतीबाई करी. स्नान करून, कुंकू लावून, पूर्वेकडे तोंड करून. त्याची धाकटी बहीण तुंगा प्लेगात विधवा होऊन माहेरी परतली होती. ती घरात पडेल ते काम करी, पण पोतीच्या परातीला हात लावत नसे. तसं तिला कुणी सांगितलंही नव्हतं, सांगावं लागलंच नव्हतं. मग त्या ल्होट्याच्या बायकाही सवाष्णीच असणार! विचारायचं काय त्यात? बारा वर्षं तो प्रत्येक नवरीच्या आईला सांगत आला होता, "बाई, तिथल्या सवाष्णीच्या हातून निघालेली, इथल्या सवाष्णीच्या हातून ओवलेली. मध्ये नुसता समुद्र." म्हैसुरातल्या मराठी घरांतून त्याच्या पोतीला मान होता तो याच शब्दावर.

प्रत्येक लडीला एक कागदी चिठ्ठी बांधलेली असे, तिच्यावर आकडा. एकतीस आकड्याच्या लडी सगळ्यांत सुरेख. मणी एकसारखा, एकही फुटका नाही. एकोणीसशे बारा साली साहेब पुन्हा आला तेव्हा रंगरावानं त्या आकड्याबद्दल विचारलं. साहेब म्हणाला, आकडा म्हणजे ओवणारी. एकतीस म्हणजे बोझेना, ओढ्यापलीकडच्या गल्लीत राहते.

घरी हे ऐकून मालतीबाईनं हातातलं काम ठेवलं. "अहो, म्हणजे एवढी वर्षं आपण जिच्या हातचं खातोय तिला आपण साधं हळदकुंकू नाही दिलं?" तिनं खण आणला, हिरव्या बांगड्या कापसात गुंडाळल्या, हळदीकुंकवाच्या दोन पुड्या, एक सुपारी, आणि सगळं शिवून साहेबाच्या हवाली केलं. परदेशच्या बाईची ओटी भरली म्हणून आळीत चार दिवस तिचं कौतुक झालं. त्या वर्षीच्या पेटीतली एकतीस आकड्याची सर्वांत चांगली लडी तिनं बाजूला काढून ठेवली. लेक वसंता हिच्या लग्नासाठी.

वसंताचं लग्न ठरलं चौदा सालच्या वैशाखात. मुलगा बेट्टदपुरचा, अनंतकृष्ण नावाचा, शाळेत मास्तर. आईवाचून वाढलेला; त्याला वाढवलं आत्यानं, शकुंतलाबाईनं. सुपारी फोडताना शकुंतलाबाई म्हणाली होती, "वाट्या आम्ही आणू. पोत मात्र तुमच्या दुकानची. नाव ऐकून आहे मी." रंगरावानं मान हलवली. त्याला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

आणि लग्नाला अठरा दिवस उरले असताना ल्होट्याहून पेटी आली. पुढं तीन महिन्यांत तिकडे लढाई पेटली आणि माल यायचा बंद झाला, तेव्हा ही शेवटचीच. पेटीत वर एक पाकीट होतं, आणि एक अरुंद लाकडी डबी. शेषगिरीनं पाकीट फोडलं. आतून साहेबाचं पत्र निघालं आणि एक तसबीर. तसबिरीत एक म्हातारी लाकडी द्रोणासारख्या भांड्यापुढं बसलेली. डोक्याला काळं फडकं, अंगात काळे कपडे, हातात पंख्यासारख्या पसरलेल्या लांबलांब सुया.

शेषगिरी वाचू लागला. "तुमची भेट बोझेनाला पोचली. सबंध गल्ली बघायला आली. सुपारी कुणी खाऊन बघितली, दात दुखला..." तो हसला. मग थांबला. पुढच्या दोन ओळी त्यानं मनात वाचल्या.

"काय झालं?" रंगराव म्हणाला.

"रंगा, हे वाचू का नको?"

"वाच की. माझंच पत्र आहे."

"तिचा नवरा जाऊन बावीस वर्षं झाली, लिहितोय. लाल भुकटी कशाची ते तिला कळलं नाही, म्हणून तिनं ती नवऱ्याच्या तसबिरीपुढं वाटीत ठेवली. ओढ्यापलीकडच्या गल्लीला गावात विधवांची गल्ली म्हणतात. काच घासणाऱ्या पुरुषांच्या छातीत काचेचं पीठ बसतं, चाळिशीपुढं फार जण जगत नाहीत. मग बायका ओवायचं काम धरतात. तुम्ही गावाची माहिती विचारता म्हणून हेही कळवतो." शेषगिरीनं पत्राची घडी घातली. "बाकी भावाचं आहे."

रंगराव तसबिरीकडे बघत राहिला. गिऱ्हाईक आलं, उभं राहिलं, निघून गेलं.

"सगळ्याच?" त्यानं विचारलं.

"त्या गल्लीतल्या बहुतेक. अरे, त्यांच्यात नसतं तसलं काही. नवरा मेला म्हणून कोण कुंकू पुसतंय तिथं, मुळात लावतातच कुठं?"

"मण्याला काय ठाऊक, तो कुणाच्यात आहे ते?"

शेषगिरीनं पत्र पाकिटात सारून त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "मला पत्र वाचल्याचं आठवत नाही. तुलाही आठवू नये. तू तसा कुठं बोलतोस!"

पण न बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यातच सगळ्यात जास्त गलबला असतो. त्या दिवसापासून रंगरावाला मार्केटात चालता येईना. समोरून येणाऱ्या बाईच्या गळ्याकडे त्याची नजर आधी जाई. हिची पोत आपली. हिचा नवरा बरा आहे ना? हिच्या कपाळाला कुंकू आहे, हां, आहे. फुलवाल्याची सून सहा वर्षांपूर्वी पोत घेऊन गेली होती, तिचा नवरा परवाच तापातून उठला. म्हणजे उठला, गेला नाही. हे चांगलं का वाईट? कापडवाल्याची मुलगी मात्र वर्षाच्या आत परत आली होती. तिची पोत कोणत्या आकड्याची होती? बारा वर्षांत इतक्या नवऱ्या पोत घेऊन गेल्या. त्यातल्या कितीजणींचं बरं झालं आणि कितीजणींचं वाईट हे आठवता आठवता त्याची बोटं संपत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होत.

आणि मग एका दुपारी त्याला एकदम आठवलं. तुंगा! तुंगाचं लग्न कधी झालं? दुकानाच्या आधी का नंतर? प्लेगाच्या पहिल्या साथीत माणसं गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेली होती, ते लग्नाआधी का नंतर? पहिली लडी आपण कुणाला दिली होती? त्यानं दुकानाची फळी लावली आणि भरदुपारी घरी गेला.

तुंगा मागल्या अंगणात चिंच फोडत होती.

"तुंगा, तुझी पोत कुठली होती गं?"

तिनं मान वर केली. इतक्या वर्षांत तिच्या लग्नातलं काही त्यानं तोंडातून काढलं नव्हतं.

"आईची होती. जुनी. का?"

"माझ्या दुकानातली नव्हती? नक्की?"

"तुझं दुकान तेव्हा होतं कुठं? तू दादांच्या शिवणाच्या दुकानात काज करत होतास आणि तेही वाकडे. झालं काय अण्णा? ऊन लागलं का?"

रंगराव पायरीवर बसला. आणि दुकानाबाहेर कधी चार वाक्यं सलग न बोललेला हा माणूस पत्रातलं सगळं तिला सांगून बसला. का सांगितलं हे त्याला नंतरही कधी कळलं नाही. ज्या माणसाला सांगू नये तेच ते माणूस होतं.

तुंगा चिंच फोडायची थांबली. मग म्हणाली, "तसबीर आहे?"

त्यानं ती कोटाच्या खिशातच ठेवली होती. तुंगानं हात पदराला पुसले, तसबीर उन्हाकडे धरली.

"या सुया किती आहेत रे? एका हातात?"

"असतील डझनभर."

"आणि मणी त्या भांड्यात सुटे. म्हणजे ती एकेक उचलत नाही. सुया नुसत्या फिरवते आत, आणि मणी आपण होऊन चढतात." ती हसली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघत होता तो. "हुशार आहे म्हातारी! वहिनी बिचाऱ्या एकेक वेचतात, डोळे गेले त्यांचे."

"अगं, पण ती..."

"ती काय? माझ्यासारखी. कळलं मला. माझा नवरा प्लेगानं नेला, तेव्हा प्लेगानं पोत कुणाची ते बघितलं का? ती डबी उघडलीस का?"

डबी त्यानं उघडलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी घरी आणून उघडली, तर आत मऊ कागदात गुंडाळलेल्या बारा लांब सुया. बोझेनानं ओटीच्या बदल्यात पाठवलेल्या.

मालतीबाईला आता सांगणं भागच होतं. ऐकताऐकता तिनं सुयांवरून हात मागं घेतला. "म्हणजे मी विधवेला कुंकू धाडलं? आणि बांगड्या? अहो, हे पाप तिला लागेल का मला?"

"मला काय ठाऊक," रंगराव म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक काय असतं मग? डोंगर कुठं, ओढा कुठं एवढं विचारलंत, घरात माणूस आहे का नाही ते विचारायचं सुचलं नाही?"

रंगरावानं डबीचं झाकण लावलं.

वसंताची पोत अजून ओवायची होती. मालतीबाईच्या डोळ्यांवर दोन वर्षांपासून पडदा आला होता; त्या साली तिनं ओवलेल्या दोन पोती मध्येच विरळ निघाल्या म्हणून परत आल्या होत्या. रंगराव म्हणाला, बंगळूरच्या व्यापाऱ्याकडून दुसरी लडी आणतो. मालतीबाई म्हणाली, ती कुणी ओवली ते कुठं माहीत आहे? तो म्हणाला, माहीत नाही हेच बरं. ती म्हणाली, तुम्हाला बरं, माझ्या लेकीच्या गळ्यात जायचीय. मग ती म्हणाली, शेजारच्या एखाद्या सवाष्णीला बोलावू. मग स्वतःच म्हणाली, तिला काय सांगू, माझी नणंद घरात बसलीय पण तुम्ही या? तीन दिवस असंच चाललं. रंगरावाला कधी एक बाजू पटे, कधी दुसरी, आणि जी पटे तिच्या उलटच तो बोले.

चौथ्या दिवशी सकाळी तो पूजा आटोपून बाहेर आला तर ओसरीवर मालतीबाई आणि तुंगा समोरासमोर बसल्या होत्या. मध्ये मोठी परात, तिच्यात वसंताची लडी सोडवून ओतलेली. तुंगा सुया परातीत गोल फिरवत होती. मणी पावसासारखे चुळचुळत होते आणि सुयांवर खरंच आपसूक चढत होते. मालतीबाई बोटांनी चाचपून फुटका मणी बाजूला काढत होती.

"एकदा पाण्यात पडलोच आहोत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तर आता हातपाय मारायला नकोत का? वन्सं, जरा हळू फिरवा, उडतायत."

रंगराव दारात उभा राहिला. आत जावं, थांबवावं, काही म्हणावं? त्यानं कोट चढवला आणि दुकानाला गेला. दुपारी एका बाईनं विचारलं, "हे मणी कुठून येतात?" त्यानं वजन उचललं, दोरा टाकला, दोन गल्ल्या मांडल्या, आणि ओढ्यापलीकडची गल्ली मांडायला हात उचलून तसाच राहिला.

"आणि तिकडे काय आहे?" बाईनं विचारलं.

"तिकडे... तिकडेही घरं आहेत," तो म्हणाला आणि बांगड्या गोळा करू लागला.

लग्नाचा मुहूर्त सकाळी साडेदहाचा होता. अंगणात मांडव, केळीचे खुंट, बेट्टदपुरची तीस माणसं. सनई मार्केटातल्याच ओळखीच्या माणसांची. तुंगा रीतीप्रमाणं पुढं आलीच नव्हती. ती मागल्या खोलीत नारळ खवत होती. मधल्या घरात शकुंतलाबाई सोन्याच्या दोन वाट्या घेऊन बसली. पोत ताटात, हळदीचं पाणी शिंपडलेली. वाट्या ओवायच्या, शेवटची गाठ मारायची, की मंगळसूत्र पुरं.

शकुंतलाबाईनं पोत उचलली, बोटांतून सरकवली. एकदा, दोनदा.

"काय सुरेख ओवलीय! मणी कसा माळेत दातासारखा बसलाय. कुणी ओवली?"

"मीच," मालतीबाई म्हणाली.

शकुंतलाबाईनं तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "विहीणबाई, मघाशी तुम्ही मला पाट दिलात तो भिंतीपाशी दिलात आणि मी उभी होते दाराशी. या डोळ्यांनी?"

रंगराव उंबऱ्यात होता. बाहेर कुणीतरी त्याला हाका मारत होतं. त्याला वाटलं, आपण गप्प बसलो तर हेही निघून जाईल, घासाघीस करणाऱ्या बायका निघून जातात तसं. आणि तो बोलला.

"माझ्या बहिणीनं ओवली. तुंगानं. ती विधवा आहे. आणि ल्होट्याला ज्या बाईनं ही लडी केली तीही विधवा आहे. मी बारा वर्षं सगळ्यांना सवाष्ण म्हणून सांगत होतो. मला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

शकुंतलाबाईनं पोत ताटात ठेवली. हात मांडीवर घेतले. तिचा चेहरा रागावला नव्हता; हिशेब चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

"हे तुम्ही मला कशाला सांगितलंत, रंगराव?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही बोलला नसतात तर मला ठाऊक नसतं. आता मला ठाऊक झालं. आता मी काय करू? उठून गेले तर पोराचं लग्न मोडतं. बसून राहिले तर उद्या त्याला साधी शिंक आली तरी मला झोप नाही."

"मलाही कळत नाही," रंगराव म्हणाला. "अठरा दिवस झाले, कळत नाही."

"अय्यो, काय माणूस आहात हो तुम्ही!"

तिनं एकदा मांडवाकडे पाहिलं. तिथं अनंतकृष्ण मुंडावळ्या सावरत, जांभई दाबत बसला होता. मग तिनं पोत पुन्हा उचलली, तिच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, दोन्ही वाट्या स्वतः ओवल्या आणि स्वतःच्या हातानं शेवटची गाठ मारली. "आता ही माझी. कुणी विचारलं तर मी ओवली. तुम्ही दोघं काही बोलायचं नाही. विशेषतः तुम्ही." आणि मालतीबाईचा हात धरून ती मांडवात गेली.

रंगराव ताटापाशी एकटा राहिला. लग्न वाचलं होतं. का नव्हतं? बहिणीचं नाव त्यानं घेतलं होतं, आणि ते घेतल्या घेतल्या पुसलंही गेलं होतं. ते बरं झालं का वाईट, हे त्याला उलगडेना.

मागल्या खोलीचं दार किलकिलं झालं. तुंगानं आतून सगळं ऐकलं होतं. ती ताटाकडे बघत म्हणाली, "अण्णा, गाठ बघ तिची."

"काय झालं गाठीला?"

"सुती दोऱ्याला मारतात तशी मारलीय, रेशमाला ती धरत नाही. पंधरा दिवसांत सरकेल. वाट्या पडतील."

"असलं बोलू नये गं, आजच्या दिवशी!"

"बोलू नये तर नाही बोलत. पण सरकेल."

बाहेर भटजींनी मंगळसूत्र मागितलं. रंगरावानं मांडवाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. शकुंतलाबाईची गाठ सोडली तर 'आता ही माझी' हा तिचा शब्द खोटा पडतो. नाही सोडली तर पंधरा दिवसांनी वसंताच्या गळ्यातून वाट्या गळतात. यात शुभ कुठलं आणि अशुभ कुठलं, हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. त्यानं ताट उपरण्याखाली घेतलं आणि मागल्या खोलीत गेला.

तुंगानं नारळाचे हात धुतले. ओठांनी रेशीम ओलं केलं, जुनी गाठ उकलली, नवी मारली, ओढून बघितली. पुन्हा एकदा ओढून बघितली. सगळं मिळून चार श्वास लागले असतील.

तो ताट घेऊन बाहेर आला तेव्हा सनई चढली होती आणि अक्षता वाटल्या जात होत्या. दोन दारांच्या मध्ये तो तसाच उभा राहिला. शेषगिरीनं त्याला दंडाला धरून ढकललं.

"अरे मुलीचा बाप ना तू? इथं काय उभा राहिलास? चल तिकडे!"

"कुठं?" रंगराव म्हणाला आणि ढकललं त्या दिशेला चालू लागला.